जागा सगळ्यांची, मग झाडू कोणाच्या हातात?

इटलीतल्या बोलोन्या शहरात २०११ साली काही बायकांना आपल्या भागातल्या बागेत बाकडी बसवायची होती. बाकडी त्या स्वतःच देणार होत्या, महापालिकेची फक्त परवानगी हवी होती. एका खात्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. नागरिकांनी दिलेलं बाकडं स्वीकारायचं कसं, याची पद्धतच कुठल्या खात्याकडे नव्हती. अशाच अनुभवांतून २०१४ मध्ये बोलोन्याने नागरिक आणि प्रशासनाने मिळून शहरातल्या सामाईक जागा कशा सांभाळायच्या, याचा स्वतंत्र नियम मंजूर केला. त्याखाली एखादी भिंत, एखादी गल्ली किंवा बाग यांच्यापुरता छोटा करार करता येतो. इटलीतल्या अनेक शहरांनी पुढे हाच नमुना उचलला.

नागरिक, व्यावसायिक आणि प्रशासन यांनी मिळून सार्वजनिक जागा सांभाळायच्या, अशा कामात पहिल्यांदाच पडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही रहिवासी असाल, दुकानदार असाल किंवा महापालिकेत नव्याने रुजू झालेले अधिकारी. चौक, पदपथ, बाग, नदीकाठ, पुलाखालची पडीक जागा, काम कशाचंही असो, क्रम साधारण सारखाच राहतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: या भागीदाऱ्या आराखड्यावरून क्वचित मोडतात. त्या मोडतात उद्घाटनानंतर वर्ष-दोन वर्षांनी, कचरापेटी कोणी रिकामी करायची यावरून. म्हणून पुढे देखणेपणाबद्दल कमी आणि देखभालीबद्दल जास्त वाचायला मिळेल.

१. आधी मालक शोधा

दिसायला सार्वजनिक असलेली जागा कागदावर सार्वजनिक असेलच असं नाही. न्यूयॉर्कने १९६१ मध्ये नियम केला की इमारतीपाशी लोकांसाठी मोकळी जागा सोडणाऱ्या बिल्डरला जास्तीचं चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकाम करायची मुभा मिळेल. त्यातून शेकडो जागा तयार झाल्या: मालकी खासगी, वापर सार्वजनिक. कागदावर सौदा झकास होता. पण २०१७ मध्ये शहराच्या लेखापरीक्षकांनी अशी ३३३ ठिकाणं तपासली, तेव्हा त्यातल्या १८२ ठिकाणी कबूल केलेल्या सोयी नव्हत्या. बिल्डरने जास्तीचे मजले बांधून कधीच विकले होते, आणि लोकांच्या वाट्याची जागा कुठे कुलपात होती, तर कुठे तिथे हॉटेलची टेबलं मांडलेली होती.

याच शहरातल्या झुकोटी पार्कची गोष्ट उलट्या बाजूने बघण्यासारखी आहे. तीही खासगी मालकीची, पण चोवीस तास खुली ठेवण्याच्या अटीला बांधलेली. २०११ च्या सप्टेंबरमध्ये आर्थिक विषमतेविरुद्धच्या 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' चळवळीचे आंदोलक तिथे मुक्कामाला आले. महापालिकेच्या बागा रात्री बंद होतात, ही बाग होत नव्हती. त्यामुळे त्यांना उठवायचं कोणी आणि कोणत्या नियमाखाली, हा पेच दोन महिने चालला. मालक, वापरकर्ते आणि नियम करणारे वेगवेगळे असले की काय होतं, ते इथे दिसतं.

तर आराखड्याची पहिली रेघ मारण्याआधी चार गोष्टींची लेखी उत्तरं मिळवा. जमीन कोणाच्या नावावर आहे? ताबा कोणाकडे आहे? (रस्ता एका खात्याचा, पदपथ दुसऱ्याचा आणि त्यावरचं झाड तिसऱ्याचं, हे अगदी नेहमीचं.) वापराचे नियम कोण करतं आणि मोडले तर कारवाई कोण करतं? आणि जमिनीखालून काय गेलंय? हा शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. जलवाहिनीवर लावलेलं झाड कधीतरी उपटलं जातं. गटाराच्या झाकणावर आलेला चबुतरा पहिल्या तुंबण्याला फोडला जातो. यात दोष कोणाचाच नसतो, नकाशा फक्त कोणी मागितलेला नसतो.

ही उत्तरं मिळायला वेळ लागेल. लागू द्या. चुकीच्या दारासमोर सहा महिने उभं राहण्यापेक्षा ते परवडतं.

२. सूचना देण्याआधी तिथे जाऊन बसा

विल्यम व्हाइट या अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावले आणि सहकाऱ्यांसह तासन्‌तास नोंदी केल्या. काही चौक गजबजलेले आणि काही ओस का, हा त्याचा प्रश्न होता. ऊन, वास्तुशैली, क्षेत्रफळ असे सगळे अंदाज तपासून झाल्यावर जे हाती लागलं ते जवळपास हास्यास्पद वाटावं इतकं साधं होतं: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. उचलून हलवता येणाऱ्या खुर्च्या त्यांना जास्त आवडतात. खुर्ची नुसती वीतभर सरकवली तरी जागा आपली वाटते. आणखी एक निरीक्षण मला फार उपयोगी वाटतं: चांगल्या चालणाऱ्या चौकांत बायकांचं प्रमाण जास्त असतं. बायका जागा पारखून बसतात. त्यांनी एखादी जागा टाळायला सुरुवात केली की तिथे काहीतरी बिनसलंय असं समजावं.

व्हिएन्नाने ही नजर पुढे नेली. साधारण दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागांमधून गायब होतात, मुलगे मात्र येत राहतात, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. मोकळी जागा एकच असली आणि तिच्यासाठी चढाओढ झाली की मुली मागे सरतात. १९९९ पासून शहराने काही बागांत बदल केले: जास्त पायवाटा, मोठ्या मैदानाचे छोटे भाग, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसारख्या खेळांची सोय. मुली परत दिसू लागल्या. कोणी तक्रार केली म्हणून हे झालं नव्हतं. तिथे कोण नाही, याची मोजदाद झाली म्हणून झालं.

तुम्हाला कॅमेरे लागणार नाहीत. एक वही, दोन-तीन माणसं आणि ठरवलेल्या वेळा पुरतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि अंधार पडल्यावर. कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस. जमलं तर एकदा पावसात. दर वेळी तेवढाच वेळ, समजा वीस मिनिटं, आणि रकाने तेच: साधारण वय, स्त्री की पुरुष, चालतोय की थांबलाय, थांबला असेल तर काय करतोय. पायाखालचं गवत मरून पडलेल्या आडव्या वाटा नकाशावर काढून ठेवा. आराखडाकाराने आखलेला रस्ता आणि माणसं चालतात तो रस्ता यांतलं अंतर तिथेच दिसतं.

विक्रेते, बाकावर झोपणारे, घोळका करून उभी राहणारी पोरं यांच्या नावापुढे 'अडचण' असा रकाना काढू नका. तेही वापरकर्तेच. त्यांना हलवायचं की नाही हा निर्णय पुढे होईल, आणि कदाचित वादही. पण ते मोजलेच गेले नाहीत तर पुढच्या सभेत त्यांची बाजू मांडायला कागदावर काहीच नसतं, आणि प्रत्यक्षात त्या सभेला ते येत नाहीत.

३. तिघांची भीती वेगवेगळी असते

'सगळ्यांना एकत्र आणा' हे सांगणं सोपं. एकत्र आल्यावर गाडी का अडते, ते आधी समजून घ्या. प्रत्येकाची मागणी तुम्हाला ऐकू येते, भीती तो बोलून दाखवत नाही.

रहिवाशाची भीती अशी: जागा चांगली झाली की गर्दी येईल, आवाज वाढेल, गाड्या लागतील, आणि काही वर्षांनी भाडं परवडणार नाही. यातल्या शेवटच्या भीतीला हसू नका. न्यूयॉर्कची हाय लाइन या बाबतीत जगभर चर्चेत आली. १९८० मध्ये शेवटची गाडी धावलेला हा उंचावरचा लोहमार्ग पाडायचा घाट होता. तो वाचवायला १९९९ मध्ये दोन रहिवाशांनी संस्था काढली आणि २००९ मध्ये त्यावर बाग सुरू झाली. भोवतालच्या जमिनींचे भाव चढले, आणि शेजारच्या सरकारी वसाहतींतल्या लोकांना मात्र ही बाग आपली वाटली नाही. संस्थापकांपैकी रॉबर्ट हॅमंड यांनी २०१७ मध्ये हे जाहीरपणे मान्य केलं. त्यांचं म्हणणं असं की, आम्ही लोकांना आराखडा कसा हवा ते विचारत राहिलो, तुमच्यासाठी काय करू हे विचारायला हवं होतं.

व्यावसायिकाची भीती गिऱ्हाईक तुटण्याची. पार्किंगची एक जागा काढायची म्हटली तरी दुकानदार हादरतात. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा मोजून दाखवा. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ मध्ये दुकानदारांना विचारलं, किती गिऱ्हाईक गाडीने येतं? त्यांचा अंदाज ४१ टक्के होता. गिऱ्हाइकांनाच विचारल्यावर प्रत्यक्ष आकडा २२ टक्के निघाला. तुमच्या रस्त्यावरचा आकडा वेगळा असेल, आणि म्हणूनच तो तुमच्याच रस्त्यावर काढा. पाहणीत दोन-तीन दुकानदारांनाच वही घेऊन उभं करा. स्वतः मोजलेला आकडा कोणी नाकारत नाही. मोठ्या कंपनीची गोष्ट वेगळी. तिला गिऱ्हाइकाची चिंता नसते, नावाची असते: फलक किती मोठा, फोटोत कोण, आणि उद्या तिथे आंदोलन झालं तर आपलं नाव कुठे दिसेल. हे आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावं. कंपनीला त्यात संकोच वाटत नाही, तुम्हाला वाटतो.

अधिकाऱ्याची भीती सगळ्यात कमी समजून घेतली जाते. त्याला लेखापरीक्षणाची भीती असते, अपघात झाला तर आपल्यावर शेकेल ही भीती असते, आणि तुम्हाला हो म्हटलं की उद्या शंभर जण रांगेत उभे राहतील हीसुद्धा. 'प्रशासन उदासीन आहे' असं म्हणणं सोपं आणि बहुतेक वेळा चुकीचं. कोणत्या नियमाखाली हो म्हणता येईल, तो नियम शोधून त्याच्या टेबलावर ठेवा. बोलोन्यात नेमका तोच नव्हता. नियम नसेल तर 'प्रायोगिक, इतक्या महिन्यांसाठी' अशी परवानगी मागा. कायमच्या परवानगीपेक्षा तात्पुरत्या परवानगीवर सही करायला हात लवकर उचलतो.

४. सभा घ्या, पण कशासाठी ते आधी ठरवा

शेरी आर्न्स्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं गुंडाळणं, मधे माहिती देणं आणि मत विचारणं, वर भागीदारी आणि सगळ्यात वर निर्णय लोकांच्या हाती. त्यांचं मूळ म्हणणं आजही तितकंच टोकदार आहे: मत विचारणं म्हणजे अधिकार देणं नव्हे. माझा सल्ला असा की सगळ्यात वरच्या पायरीचा हट्ट धरू नका, पण कुठल्या पायरीवर उभे आहात ते सभेच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगा. 'आराखडा ठरलाय, फक्त बाकांच्या जागा तुमच्याकडून हव्यात' हे ऐकून लोक नाराज होतील, पण फसवल्यासारखं वाटणार नाही. 'तुम्हीच ठरवा' म्हणून बोलवायचं आणि ठरलेलं दाखवायचं, हे मात्र अनेक वर्षं विसरलं जात नाही.

लोकांचं ऐकलंच नाही तर काय होतं, याचा एक ठळक दाखला बर्लिनचा. टेम्पेलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये धावपट्ट्यांसकट लोकांसाठी खुला झाला. कडेच्या भागात घरं बांधायची सरकारची योजना होती. मे २०१४ च्या सार्वमतात बर्लिनकरांनी ती फेटाळली. घरांची गरज खरी होती, आणि तरीही सरकार हरलं. लोक तोवर तिथे चार वर्षं सायकली चालवत होते, पतंग उडवत होते, भाज्या लावत होते. ज्या जागेची सवय लागली, तिच्याबद्दलचं बोलणं वापर सुरू होण्याआधी उरकावं लागतं.

सभेबद्दल व्यावहारिक गोष्टी थोडक्यात. एकच मोठी सभा घेण्यापेक्षा तीन छोट्या घ्या, तीन वेगळ्या वेळी आणि त्यातली एक त्याच जागेवर, उघड्यावर. माइक एकाकडे गेला की परत येत नाही, म्हणून टेबलाभोवती सहा-सात जणांचे गट करा. नकाशा वाचता येणं ही सगळ्यांना अवगत कला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतींवर काम करणाऱ्या संस्थेने २०१२ पासून 'माइनक्राफ्ट' या संगणकी खेळाच्या कंपनीबरोबर मिळून लोकांना त्या खेळातच आपली जागा उभी करायला दिली. नैरोबीपासून सुरुवात झाली. पोरं तर रमलीच, पण आराखड्याबद्दल ज्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं, त्यांनाही बोट दाखवून बोलता आलं. संगणक नसेल तर खोक्यांचं मॉडेल चालतं, जमिनीवर खडूने काढलेला पूर्ण आकाराचा नकाशा तर त्याहून उत्तम.

आणि प्रत्येक सभेनंतर एका पानाचं टिपण जागेवरच चिकटवा: काय सुचवलं गेलं, काय घेतलं, काय घेतलं नाही आणि का. 'का' हा रकाना भरायचा कंटाळा येतो. तोच लोक सगळ्यात आधी वाचतात.

५. आधी खडूने, मग काँक्रीटने

सॅन फ्रान्सिस्कोत २००५ साली 'रीबार' नावाच्या कलावंतांच्या गटाने पार्किंगच्या मीटरमध्ये पैसे टाकले आणि त्या जागेत गाडी लावण्याऐवजी गवताचा गालिचा, एक बाक आणि कुंडीतलं झाड मांडलं. दोन तासांनी सगळं गुंडाळून निघून गेले. नियम मोडला नव्हता, जागेचं भाडंच भरलं होतं. हा खेळ इतर शहरांत पसरला, आणि काही वर्षांतच त्याच शहराच्या प्रशासनाने पार्किंगच्या जागेत छोटी बसण्याची ठिकाणं उभारायची रीतसर परवानगी द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या त्या परवानगीत खर्च शेजारचा दुकानदार करायचा, पण बसायला काही विकत घ्यावं लागायचं नाही, ही अट होती. या अटीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर ती जागा हळूहळू दुकानाचीच होते.

न्यूयॉर्कने मे २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरमधला ब्रॉडवे या रस्त्याचा भाग गाड्यांना बंद केला तेव्हा तोही प्रयोग म्हणूनच. तोवर पक्कं फर्निचर आलेलं नव्हतं, म्हणून स्थानिक व्यापाऱ्यांच्या संस्थेने साध्या घडीच्या खुर्च्या आणून मांडल्या. त्या स्वस्त, रंगीबेरंगी खुर्च्यांची पुष्कळ टिंगल झाली. रस्ता बंद केल्याबद्दलचा राग खुर्च्यांवर निघाला, आणि हे प्रयोगाच्या पथ्यावरच पडलं. प्रशासनाने आधीचे आणि नंतरचे आकडे ठेवले होते. पादचाऱ्यांना होणाऱ्या दुखापती ३५ टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि २०१० च्या फेब्रुवारीत बदल कायम केला.

प्रयोग करताना तीन गोष्टी आधीच कागदावर हव्यात. तो कधी संपणार, कोणते आकडे बघून त्याला यशस्वी म्हणायचं, आणि फसला तर जागा पूर्ववत करण्याचा खर्च कोणाचा. 'बघू या कसं वाटतं' असा प्रयोग कधीच हरत नाही आणि कधीच जिंकत नाही, तो फक्त लांबतो.

सगळे प्रयोग जागेचेच असतात असंही नाही. बोगोटाने १९७४ पासून काही रस्ते ठरावीक वेळेपुरते गाड्यांना बंद ठेवायला सुरुवात केली. आज रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते सकाळपासून दुपारपर्यंत सायकलवाल्यांचे आणि चालणाऱ्यांचे होतात. एक वीटही न रचता. पैसा आणि जागा दोन्ही नसतील तर घड्याळाकडे बघा.

६. देखभालीचा हिशेब: लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी

लंडनमध्ये थेम्स नदीवर झाडांनी भरलेला पादचारी पूल बांधायचा होता, 'गार्डन ब्रिज'. नामवंत आराखडाकार, बडे देणगीदार, सरकारचा पाठिंबा, सगळं जमलेलं. बांधकामासाठी पैसे काही खासगी, काही सार्वजनिक. पण बांधून झाल्यावर दरवर्षी झाडांना पाणी, सफाई, सुरक्षा यांचा खर्च देणगीतून भागला नाही तर कोण भरणार? एप्रिल २०१७ मध्ये महापौर सादिक खान यांनी ती हमी द्यायला नकार दिला. ऑगस्टमध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. तोवर सुमारे ५ कोटी ३० लाख पौंड खर्च झाले होते, त्यातले सुमारे ४ कोटी ३० लाख जनतेचे. बांधकाम सुरूही झालं नव्हतं. जो प्रश्न पहिल्या बैठकीत विचारायचा, तो इथे शेवटी विचारला गेला.

त्याच्या शेजारी ब्रायंट पार्क ठेवून बघा. न्यूयॉर्कच्या मध्यवस्तीतली ही बाग १९७० च्या दशकात अमली पदार्थांच्या धंद्यामुळे बदनाम होती. रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती कुंपणं आणि झुडपं, त्यामुळे आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नसे. १९८० मध्ये एक ना-नफा संस्था स्थापन झाली. तिने दुसऱ्या पायरीत भेटलेल्या विल्यम व्हाइट यांच्याकडून सल्ला घेतला, प्रवेशवाटा वाढवल्या, झुडपं काढली, हलवता येणाऱ्या खुर्च्या ठेवल्या आणि १९९२ मध्ये बाग पुन्हा उघडली. आराखड्याची ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पैशांची गोष्ट तितकी सांगितली जात नाही, आणि खरी ताकद तिथे आहे. जमीन शहराचीच राहिली. चालवायचं काम संस्थेकडे आलं. उत्पन्नाचे स्रोत एकापेक्षा जास्त: भोवतालच्या मिळकतींवरचा ठरावीक आकार, उपाहारगृहांचं भाडं, कार्यक्रम, प्रायोजक. एखादा प्रायोजक गेला म्हणून तिथली सफाई थांबत नाही.

मिळकतींवरचा हा आकार म्हणजे काय, ते नवख्यांनी नीट समजून घ्यावं. समजा बाजारपेठेतल्या पन्नास दुकानांपैकी वीस जणांनी वर्गणी काढून रस्ता सुंदर केला. फायदा पन्नासांनाही होतो. पुढच्या वर्षी वर्गणी देणारे वीसाचे बारा होतात, मग पाच. टोरंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या भागातल्या व्यापाऱ्यांनी यावर १९७० मध्ये उपाय काढला: व्यापाऱ्यांनी बहुमताने ठराव केला की त्या हद्दीतल्या सगळ्यांकडून पालिकाच करासोबत जास्तीची रक्कम वसूल करेल आणि व्यापाऱ्यांच्या मंडळाकडे देईल. ती रक्कम त्याच हद्दीत खर्च होईल. जगातली ही पहिली अशी व्यवस्था मानली जाते. नंतर ती अनेक देशांत गेली.

तिचा तोटाही सांगायला हवा. ज्या भागात मोठ्या मिळकती आहेत तिथे आकारही मोठा जमतो. श्रीमंत चौक अधिक चकाचक होतात आणि गरीब वस्तीतली बाग होती तशीच राहते. शिवाय जो पैसे देतो तोच नियम ठरवू लागतो: इथे झोपायचं नाही, इथे विकायचं नाही, इथे घोषणा द्यायच्या नाहीत. म्हणून निम्मा अधिकार तरी निवडून आलेल्या यंत्रणेकडे राहावा, असं माझं ठाम मत आहे. वसुली पालिकेने करायची आणि हिशेब मागायचा नाही, हे चालणार नाही.

पैसा नाही पण हात आहेत, अशा वस्त्यांसाठी सिॲटलची पद्धत पाहा. १९८८ पासून तिथे शहराचा एक निधी आहे. वस्ती आपला वाटा घालते, शहर त्याला जोडून रक्कम देतं, आणि वस्तीचा वाटा श्रमांत मोजला तरी चालतो. खड्डे खणायचे तास, रोपं लावायचे तास, सगळ्याची नोंद होते आणि त्यांचं मोल धरलं जातं.

हिशेब करताना एक साधा तक्ता मांडा. डावीकडे प्रत्येक वस्तू: बाक, दिवा, झाड, फरशी, नळ, कचरापेटी, स्वच्छतागृह. पुढे रकाने: रोज काय करायचं, दर महिन्याला काय, किती वर्षांनी बदलायचं, कोण करणार, पैसे कुठून. ज्या ओळीत 'कोण' हा रकाना रिकामा राहतो, ती वस्तू आराखड्यातून काढून टाका. कारंजी बहुतेकदा इथेच वगळली जातात, आणि वगळलेलीच बरी.

७. कागद करा, लहान का होईना

विश्वास आहे म्हणून करार नको, असं म्हणणाऱ्या भागीदाराची मला काळजी वाटते. माणसं बदलतात. ज्या अधिकाऱ्याने हो म्हटलं त्याची बदली होते, ज्या दुकानदाराने पुढाकार घेतला तो दुकान विकतो, मंडळाची कार्यकारिणी पालटते. नव्या माणसाला वाचायला काहीतरी लागतं.

चार-पाच पानं पुरतात. जागेच्या हद्दीचा नकाशा. मुदत, सहसा तीन ते पाच वर्षं. वरच्या तक्त्याची प्रत. उघडण्या-बंद करण्याच्या वेळा आणि त्या कोण बदलू शकतं. एखाद्याला जागेबाहेर काढायचा अधिकार असेल तर तो कोणाला, आणि कोणत्या कारणासाठी. खासगी सुरक्षारक्षकाच्या मर्जीवर हे सोडू नका. नावाच्या फलकाचं माप आणि जागा, वर्षातले किती दिवस जाहिरात किंवा खासगी कार्यक्रम चालतील याची कमाल मर्यादा. कोणी पडलं, इजा झाली, फांदी कोसळली तर विमा कोणाचा. जमा-खर्च दरवर्षी कुठे लावला जाईल. भांडण झालं तर आधी कोणासमोर बसायचं.

यातलं 'बाहेर काढण्याचं' कलम लिहिताना खोलीत शांतता पसरते. बाकी कलमांपेक्षा दुप्पट वेळ त्याला द्या.

८. फीत कापल्यानंतर

सहा महिन्यांनी तीच वही घेऊन त्याच वेळी परत मोजा. दुसऱ्या पायरीत जे दिसत नव्हते ते आता दिसतात का? जे होते त्यातलं कोण गेलं? आराखडाकाराला या मोजणीचे पैसे मिळत नाहीत, देणगीदाराला त्यात फोटो मिळत नाही, म्हणून ती कोणी करत नाही. ती नागरिकांच्या गटाने आपल्याकडे घ्यावी, कारण खर्च जवळपास शून्य आणि पुढच्या वाटाघाटीत हातात पुरावा.

तिन्ही बाजूंची बैठक पहिल्या वर्षी दर महिन्याला, नंतर तीन महिन्यांतून एकदा, आणि शक्यतो त्याच जागेवर. फुटलेली फरशी समोर असली की चर्चा आपोआप मुद्द्यावर राहते. तक्रारीसाठी एकच नंबर जागेवर ठळक लिहा. तिघांचे तीन नंबर लिहिले की तक्रार करणारा पुन्हा बोलोन्यातल्या बायकांसारखाच फिरत राहतो.

भागीदार मधेच सोडून गेला तर काय, हे मात्र आत्ताच ठरवून ठेवा. कंपन्या धोरण बदलतात, संस्था बंद पडतात, पालिकेचा अर्थसंकल्प आटतो. बाहेर पडणाऱ्याने किमान सहा महिने आधी लेखी कळवायचं, त्याने बसवलेल्या वस्तू जागेवरच राहतील, आणि नवा भागीदार मिळेपर्यंत सफाई, पाणी आणि दिवे एवढ्या तीन गोष्टी जमिनीचा मालक सांभाळेल. ही तीन वाक्यं करारात आहेत ना, ते सही करण्याआधी एकदा बघून घ्या. नसतील तर सहीची तारीख पुढे ढकला.